गर्भकालीन मधुमेह आणि तातडीची सिझेरियन प्रसूती

गर्भकालीन मधुमेहातील तातडीची सिझेरियन प्रसूती म्हणजे गरोदरपणात रक्तशर्करा वाढलेल्या स्त्रीची, पूर्वनियोजन नसताना, माता किंवा बाळ यांच्या जिवाला धोका उद्भवल्यामुळे अथवा प्रसूती पुढे सरकत नसल्यामुळे, पोट व गर्भाशय छेदून केलेली प्रसूती होय. गर्भकालीन मधुमेह हे स्वतःहून सिझेरियनचे कारण ठरत नाही. शर्करा नियंत्रणात असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. परंतु मधुमेहाचे निदान न झाल्यास किंवा नियंत्रण न राहिल्यास बाळाचे वजन वाढणे, गर्भजल वाढणे, मातेचा रक्तदाब वाढणे आणि बाळाची प्राणवायूची राखीव क्षमता घटणे अशा गुंतागुंती निर्माण होतात व त्यातून तातडीच्या शस्त्रक्रियेची शक्यता वाढते. महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्यासारख्या डोंगराळ, विखुरलेल्या वस्तीच्या व मुसळधार पावसाच्या प्रदेशात या प्रश्नाला अंतर आणि वेळ यांचाही पैलू आहे.

व्याख्या व वर्गीकरण

गरोदरपणात प्रथमच आढळलेल्या आणि बहुधा प्रसूतीनंतर ओसरणाऱ्या रक्तशर्करेच्या वाढीस गर्भकालीन मधुमेह म्हणतात. गर्भधारणेपूर्वीपासून असलेला पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यापासून वेगळा मानला जातो. तथापि, ज्या स्त्रीची पूर्वी कधीच तपासणी झालेली नसते, तिच्यात गरोदरपणी आढळलेला मधुमेह प्रत्यक्षात जुना असू शकतो.

सिझेरियन शस्त्रक्रियेची 'नियोजित' व 'तातडीची' अशी ढोबळ विभागणी केली जाते. सन २००० मध्ये ब्रिटनमधील लुकास व सहकाऱ्यांनी तातडीच्या प्रमाणानुसार चार वर्ग सुचवले. ते आज अनेक देशांत वापरले जातात.

पहिला वर्ग : माता किंवा बाळ यांच्या जिवाला तत्काळ धोका. उदाहरणार्थ, नाळ बाळाच्या आधी बाहेर येणे, वार सुटून रक्तस्राव होणे, बाळाच्या हृदयाचे ठोके दीर्घकाळ मंदावणे.

दुसरा वर्ग : माता किंवा बाळाच्या प्रकृतीवर परिणाम झाला आहे, परंतु जिवाला तत्काळ धोका नाही.

तिसरा वर्ग : दोघांचीही प्रकृती स्थिर आहे, परंतु प्रसूती लवकर होणे आवश्यक आहे.

चौथा वर्ग : माता व रुग्णालय यांच्या सोयीने ठरवलेली नियोजित शस्त्रक्रिया.

ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या वर्गात निर्णयापासून ३० मिनिटांच्या आत व दुसऱ्या वर्गात ७५ मिनिटांच्या आत प्रसूती व्हावी अशी अपेक्षा असते. या मर्यादा रुग्णालयाच्या आतील आहेत. घरापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवास त्यांत धरलेला नाही.

इतिहास

इन्सुलिनच्या शोधापूर्वी मधुमेही स्त्रीला गर्भधारणा होणे दुर्मिळ होते आणि झालीच तर माता व बाळ दोघांच्या मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. १९२१-२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध व वापर सुरू झाल्यावर मातांचे प्राण वाचू लागले, परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पोटातच बाळ दगावण्याचे प्रमाण बराच काळ मोठे राहिले. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मधुमेही स्त्रीची प्रसूती पूर्ण दिवस भरण्यापूर्वीच, अनेकदा सिझेरियनद्वारे, उरकण्याची पद्धत होती. याची किंमत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वसनविकारांच्या रूपाने मोजावी लागे.

डॅनिश वैद्य यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मातेची वाढलेली शर्करा बाळात इन्सुलिनचे आधिक्य निर्माण करते, हा सिद्धान्त मांडला. १९६४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ओ'सुलिव्हन आणि महान यांनी गरोदरपणातील शर्करा चाचणीचे निकष प्रसिद्ध केले. नऊ देशांतील सुमारे २५,००० गरोदर स्त्रियांचा समावेश असलेला 'हॅपो' हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मातेची शर्करा जसजशी वाढते तसतसे मोठ्या वजनाच्या बाळाचे, पहिल्या सिझेरियनचे आणि बाळाच्या रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण वाढत जाते आणि या वाढीला कोणतीही स्पष्ट उंबरठा-रेषा नाही, असे त्यात दिसून आले. या अभ्यासात भारतातील एकही केंद्र नव्हते.

भारतात चेन्नई येथील मधुमेहतज्ज्ञ व्ही. शेषय्या यांनी या विषयाचा पाठपुरावा केला. त्यांच्या पुढाकाराने 'डिप्सी' या नावाने ओळखली जाणारी एकपायरी चाचणी रूढ झाली. तामिळनाडूत त्यांनी केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गर्भकालीन मधुमेहाचे प्रमाण शहरी भागात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ टक्के आणि ग्रामीण भागात ९.९ टक्के आढळले. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, भारतात गर्भकालीन मधुमेह जागृती दिन म्हणून पाळला जातो. केंद्र शासनाने २०१४ मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०१८ मध्ये त्यांत सुधारणा केली.

कारणमीमांसा

गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनला विरोध निर्माण होतो. बाळाला पुरेशी शर्करा मिळावी यासाठीची ही नैसर्गिक व्यवस्था आहे. ज्या स्त्रीचे स्वादुपिंड वाढीव इन्सुलिन तयार करू शकत नाही, तिच्या रक्तातील शर्करा वाढते. शर्करा वार ओलांडून बाळाकडे जाते, पण मातेचे इन्सुलिन जात नाही. परिणामी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते आणि ते वाढीस चालना देणाऱ्या संप्रेरकाप्रमाणे काम करते. या प्रक्रियेतून तातडीच्या सिझेरियनकडे नेणारे पुढील मार्ग संभवतात.

बाळाचा आकार : वाढीव इन्सुलिनमुळे बाळाच्या खांद्यांभोवती व धडावर चरबी साठते. डोक्याच्या तुलनेत खांदे रुंद होतात. कळा सुरू होऊनही डोके खाली सरकत नाही व प्रसूती रेंगाळते. डोके बाहेर आल्यावर खांदे अडकणे ही अधिक गंभीर अवस्था होय. त्या टप्प्यावर सिझेरियनचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो आणि मातेच्या मांड्या पोटाकडे दुमडून धरण्याची मॅकरॉबर्ट्स पद्धत व तत्सम कौशल्यांवरच बाळाचा जीव अवलंबून राहतो.

गर्भजलाचे आधिक्य : बाळाच्या रक्तातील जादा शर्करेमुळे त्याचे मूत्र वाढते व गर्भजल वाढते. गर्भाशय ताणले गेल्याने बाळ आडवे किंवा पायाळू राहू शकते. पाण्याची पिशवी फुटताच वेगाने वाहणाऱ्या पाण्याबरोबर नाळ खाली येण्याचा धोका असतो.

उच्च रक्तदाब : गर्भकालीन मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील उच्च रक्तदाब व त्यातून उद्भवणारे झटके यांची शक्यता अधिक असते. अशा वेळी दिवस भरण्याची वाट पाहता येत नाही.

प्राणवायूची कमतरता : इन्सुलिनचे आधिक्य असलेल्या बाळाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. प्रत्येक कळेबरोबर वारेतील रक्तप्रवाह काही क्षण घटतो. निरोगी बाळ हा ताण सहज सोसते, परंतु राखीव क्षमता कमी असलेल्या बाळाच्या हृदयाचे ठोके लवकर बिघडतात.

अयशस्वी कळा : मधुमेहामुळे ठरलेल्या तारखेला औषधाने कळा आणल्या जातात. गर्भाशयाचे मुख पुरेसे मऊ झालेले नसेल तर त्या अपुऱ्या ठरतात आणि अखेर शस्त्रक्रिया करावी लागते.

भारतीय संदर्भातील एक वैशिष्ट्य येथे लक्षात घ्यावे लागते. पाश्चात्त्य ग्रंथांत ४ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाचे बाळ 'मोठे' मानले जाते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलोग्रॅम आढळले. म्हणजे एका ठिकाणचे सर्वसाधारण वजन दुसऱ्या ठिकाणी मोठे ठरते. ठेंगण्या बांध्याच्या व अरुंद कटीच्या मातेला ३.५ किलोग्रॅमचे बाळही अवघड जाऊ शकते. म्हणून केवळ आकड्यावर विसंबून न राहता माता व बाळ यांचे परस्परप्रमाण तपासणे आवश्यक असते.

निदान

राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची पहिल्या नोंदणीच्या वेळी चाचणी केली जाते. ती निर्दोष आल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा केली जाते. दोन चाचण्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. स्त्री उपाशी असो वा जेवून आलेली असो, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पिण्यास देतात व दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. ती १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असल्यास गर्भकालीन मधुमेहाचे निदान होते. उपाशीपोटी येण्याची अट नसल्याने लांबून पायी किंवा एस.टी.ने येणाऱ्या स्त्रीला दुसरी खेप पडत नाही, हा या चाचणीचा मुख्य व्यावहारिक फायदा होय.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१० मध्ये सुचवलेल्या व २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या निकषांत उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. त्यांपैकी कोणतीही एक गाठली तरी निदान होते. दोन पद्धतींपैकी कोणती अधिक अचूक, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

निदानानंतर प्रथम दोन आठवडे आहारनियोजन व व्यायाम यांवर भर दिला जातो. जेवणानंतर दोन तासांची शर्करा १२० मिलिग्रॅमपेक्षा कमी राहिली नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सौम्य गर्भकालीन मधुमेहावर उपचार केल्याने सिझेरियनचे प्रमाण ३३.८ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले व खांदे अडकण्याचे प्रकारही घटले. तातडीची शस्त्रक्रिया टाळण्याचा सर्वांत परिणामकारक टप्पा प्रसूतिकक्षात नसून त्याच्या कित्येक आठवडे आधी असतो, हे यावरून स्पष्ट होते.

प्रसूतीची वेळ व पद्धत

भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैसर्गिक प्रसूतीला प्राधान्य दिले जाते आणि सिझेरियन केवळ प्रसूतिशास्त्रीय कारणांसाठी करावे, असे सांगितले आहे. मधुमेही मातेच्या बाळाची फुप्फुसे परिपक्व होण्यास विलंब लागू शकतो. त्यामुळे अन्य कारण नसल्यास ३९ आठवड्यांपूर्वी प्रसूती करण्याची शिफारस नाही. शर्करा नियंत्रणात असूनही तोवर कळा सुरू झाल्या नाहीत तर ३९ आठवड्यांनी किंवा त्यानंतर औषधाने कळा आणल्या जातात. बाळाचे अंदाजित वजन ४ किलोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ३९ आठवड्यांना नियोजित सिझेरियनचा विचार होतो. सोनोग्राफीने काढलेल्या वजनाच्या अंदाजात दहा ते पंधरा टक्क्यांची चूक संभवते, त्यामुळे हा निर्णय नेहमीच सरळ नसतो.

शर्करा अनियंत्रित असलेल्या किंवा दिवसाला २० युनिटपेक्षा जास्त इन्सुलिन लागणाऱ्या स्त्रीला नियोजित प्रसूतीच्या किमान एक आठवडा आधी सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे, अशीही शिफारस आहे. ही तरतूद दुर्गम भागांसाठी विशेष महत्त्वाची ठरते.

शस्त्रक्रिया

तातडीचा निर्णय झाल्यावर अनेक कामे एकाच वेळी करावी लागतात. स्त्री व तिचे नातेवाईक यांना कारण समजावून संमती घेतली जाते. रक्तगट तपासून रक्ताची तजवीज केली जाते. ग्लुकोमीटरने शर्करा तपासली जाते. शेवटचे जेवण व इन्सुलिनची शेवटची मात्रा यांची वेळ नोंदवली जाते. नियोजित शस्त्रक्रियेत स्त्री उपाशी असते. तातडीच्या शस्त्रक्रियेत ती जेवलेली असू शकते आणि पोटातील अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. म्हणून शक्य असेल तेथे पूर्ण भुलीऐवजी कण्यातून भूल दिली जाते.

प्रसूतीच्या काळात मातेची शर्करा साधारणतः ७० ते १२५ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न असतो. औषधोपचार चालू असलेल्या स्त्रीची त्या दिवशीची सकाळची मात्रा रोखून दर दोन तासांनी शर्करा तपासतात व गरजेनुसार सलाइनमधून इन्सुलिन देतात. भुलीपूर्वी ग्लुकोजयुक्त सलाइन वेगाने देणे टाळले जाते. कारण मातेची शर्करा एकदम वाढली की बाळाचे इन्सुलिनही वाढते, आणि नाळ कापल्यावर शर्करेचा पुरवठा थांबताच बाळाची शर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरते.

छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते. ओटीपोटावर आडवा छेद देऊन गर्भाशयाच्या खालच्या भागातून बाळ बाहेर काढणे, ही आजची रूढ पद्धत होय. दीर्घकाळ कळा दिल्यानंतरच्या शस्त्रक्रियेत बाळाचे डोके कटीत खोलवर रुतलेले असते. ते वर काढताना गर्भाशयाचा छेद फाटून रक्तस्राव होऊ शकतो. नियोजित शस्त्रक्रियेपेक्षा तातडीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि भुलीसंबंधी गुंतागुंत अधिक असते. मधुमेहामुळे जखम चिघळण्याची शक्यता त्यात भर घालते.

नवजात बाळाची काळजी

जन्मानंतर पहिल्या काही तासांत शर्करा घसरणे हा अशा बाळांचा प्रमुख धोका होय. बाळ सुदृढ व गुटगुटीत दिसत असल्यामुळे घरच्यांना धोका जाणवत नाही. पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करणे हा पहिला उपाय आहे. जन्मानंतर एका तासाने व पुढे दर चार तासांनी, सलग चार नोंदी स्थिर येईपर्यंत, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन शर्करा तपासतात. ती ४५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास उपचार केले जातात. थरथर, सुस्ती, दूध न ओढणे व झटके ही शर्करा घसरल्याची लक्षणे असली तरी ती दिसण्याची वाट पाहिली जात नाही.

कळा न येता किंवा दिवस भरण्यापूर्वी सिझेरियनने जन्मलेल्या बाळात फुप्फुसांतील द्रव वेळेत शोषला जात नाही व श्वास जलद चालतो. कावीळ, रक्तातील कॅल्शियमची कमतरता व तांबड्या पेशींचे आधिक्य याही समस्या आढळतात. शस्त्रक्रियेमुळे माता सुरुवातीला उठून बसू शकत नाही. त्यामुळे पहिल्या तासातील स्तनपानासाठी परिचारिका किंवा सोबतच्या स्त्रीची मदत आवश्यक असते.

प्रसूतीनंतर

वार बाहेर पडताच इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरके ओसरतात आणि बहुतेक स्त्रियांना इन्सुलिनची गरज उरत नाही. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी व जेवणानंतरची शर्करा तपासली जाते. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. ही तपासणी अनेकदा राहून जाते, कारण तोवर घराचे सगळे लक्ष बाळाकडे वळलेले असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार गर्भकालीन मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या तुलनेत किमान सात पट असते.

सिझेरियनचा व्रण पुढील गरोदरपणातही महत्त्वाचा ठरतो. व्रणावर वार रुजणे किंवा कळांच्या वेळी व्रण फाटणे हे दुर्मिळ पण गंभीर धोके होत. म्हणून दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राखण्याचा, पुढील गर्भधारणेपूर्वी शर्करा तपासण्याचा आणि मागील शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

रत्नागिरी जिल्ह्यातील स्थिती

रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,१५,०६९ होती. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर असे नऊ तालुके आहेत. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. घरातील कर्ते पुरुष नोकरीसाठी मुंबईत असणे, हे त्यामागील मुख्य कारण मानले जाते. रात्री कळा सुरू झालेल्या स्त्रीजवळ अनेकदा सासू, आई किंवा शेजारीण एवढीच माणसे असतात. शस्त्रक्रियेचा निर्णय मुंबईतील पतीला दूरध्वनीवर विचारून घेतला जातो.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन प्रकारचे विलंब सांगितले. मदत घेण्याचा निर्णय होण्यातील विलंब, रुग्णालयात पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब, असे ते होत. कोकणात दुसरा विलंब भूगोलातून येतो. वाड्या डोंगरउतारांवर व खाड्यांच्या काठांवर विखुरलेल्या आहेत. जून ते सप्टेंबर या काळात होणाऱ्या मुसळधार पावसाने दरडी कोसळतात. मुंबई–गोवा महामार्गावरील परशुराम घाट व कशेडी घाट आणि कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट यांतील वाहतूक पावसाळ्यात वेळोवेळी खंडित होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या महापुराने चिपळूण शहर जलमय झाले, तेव्हा आरोग्यसेवाही कोलमडली. गणेशोत्सवात चाकरमान्यांच्या वाहनांनी महामार्ग भरून जातो, ही दरवर्षीची बाब आहे. त्यामुळे ज्या स्त्रीला तातडीच्या शस्त्रक्रियेची शक्यता अधिक आहे तिने पावसाळ्यात प्रसूतीच्या तारखेपूर्वीच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे मुक्कामाला येणे, हा साधा उपाय उपयुक्त ठरतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मुंबई-ठाण्यात राहणारी गर्भवती सातव्या-आठव्या महिन्यात कोकणातील माहेरी येते, तेव्हा २४ ते २८ आठवड्यांची चाचणी नेमकी या स्थलांतराच्या सुमारास येते. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी न पोहोचल्यास चाचणी राहून जाते, किंवा चालू असलेले इन्सुलिन खंडित होते. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल व शर्करेच्या नोंदी सोबत आणणे याला म्हणूनच महत्त्व आहे. गावात नव्याने आलेल्या गर्भवतीची नोंद घेण्याचे काम आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका करतात.

आहाराच्या बाबतीत कोकणाची स्वतःची वैशिष्ट्ये आहेत. भात, पेज, घावणे व आंबोळी हे तांदळाचे पदार्थ रोजच्या जेवणात असतात. त्यांमुळे जेवणानंतरची शर्करा लवकर वाढते. एप्रिल-मे महिन्यांत हापूस आंबा व फणस यांची भर पडते. गर्भवतीला 'दोन जिवांचे' खायला हवे ही समजूत व डोहाळजेवणातील गोडधोड यांमुळे नियंत्रण अवघड होते. दुसरीकडे मासे, कुळीथ, वाल, चवळी व हिरव्या भाज्या याच आहारात सहज उपलब्ध असतात. भात बंद करण्याऐवजी त्याचे प्रमाण कमी करणे, त्यासोबत कुळथाचे पिठले, मासे किंवा उसळ घेणे, जेवण दिवसभरात थोडे थोडे विभागणे आणि जेवणानंतर चालणे असा सल्ला पाळणे सोपे जाते. बाळंतिणीला दिले जाणारे डिंकाचे व अळिवाचे लाडू आणि खिरी यांतील गूळ-साखरेचा विचारही सहा आठवड्यांच्या चाचणीपर्यंत करावा लागतो.

जिल्ह्यात रत्नागिरी शहरातील जिल्हा शासकीय रुग्णालय आणि दापोली, खेड तालुक्यातील कळंबणी व चिपळूण तालुक्यातील कामथे येथील उपजिल्हा रुग्णालये ही सार्वजनिक व्यवस्थेतील प्रमुख केंद्रे आहेत. रत्नागिरी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे भ. क. ल. वालावलकर रुग्णालय व त्याला संलग्न वैद्यकीय महाविद्यालय आहे. केवळ इमारत व शस्त्रक्रियागृह असल्याने सिझेरियन होऊ शकत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त हे चारही एकाच वेळी उपलब्ध असावे लागतात. त्यांपैकी एकाची उणीव असली तरी रुग्णाला पुढे पाठवावे लागते.

शासकीय योजना

१ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयांत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंतचा आहार आणि ने-आण विनामूल्य आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची तातडीची रुग्णवाहिका सेवा चालते. गर्भवती व बाळंतिणीच्या प्रवासासाठी १०२ क्रमांकाची सेवा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तज्ज्ञांकडून तपासणी केली जाते व जोखमीच्या मातांची वेगळी नोंद ठेवली जाते.

संशोधन

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालवलेल्या पुणे मातृपोषण अभ्यासातून भारतीय नवजात बाळ वजनाने कमी असूनही तुलनेने अधिक चरबी बाळगते, असे निरीक्षण पुढे आले. मातेचे पोषण, 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता आणि पुढील पिढीतील मधुमेहाचा धोका यांचा संबंध या अभ्यासात तपासला गेला. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवण येथील वैद्यकीय महाविद्यालयाने किशोरवयीन मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. भावी मातांचे पोषण व चयापचय लग्न आणि गर्भधारणेच्या आधीपासून नोंदवणे हा त्याचा उद्देश आहे. गर्भकालीन मधुमेहाची मुळे गरोदरपणाच्या कितीतरी आधी रुजतात, ही यामागील धारणा होय.

मतभेद

सिझेरियनच्या वाढत्या प्रमाणाविषयी भारतात वाद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात याच काळात ते २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले. २०१९-२१ मध्ये देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के होते. लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांपलीकडे सिझेरियन वाढल्याने माता व नवजात मृत्यू घटत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले.

गर्भकालीन मधुमेहाच्या संदर्भात या वादाला आणखी एक बाजू आहे. कॅनडातील टोरांटो येथील १९९६ च्या एका अभ्यासात असे आढळले की, उपचारांमुळे बाळांची वजने सर्वसामान्य झाली तरी निदान झालेल्या स्त्रियांतील सिझेरियनचे प्रमाण घटले नाही. म्हणजे आजाराइतकाच त्याच्या निदानाचा शिक्काही डॉक्टरांच्या निर्णयावर प्रभाव टाकत असावा. निदान न केल्यास बाळ गमावण्याची भीती आणि निदान झाल्यास अनावश्यक शस्त्रक्रियेचा धोका, अशा दोन टोकांमध्ये हा प्रश्न उभा आहे. वेळेवर चाचणी, नियंत्रित शर्करा, कळांच्या काळात बाळाच्या ठोक्यांवर बारकाईने लक्ष आणि खरी निकड उद्भवताच विनाविलंब शस्त्रक्रिया, या क्रमाने दोन्ही धोके कमी करता येतात, असे सर्वसाधारण मत आहे.

हे सुद्धा पहा

गर्भकालीन मधुमेह
सिझेरियन शस्त्रक्रिया
इन्सुलिन
जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम
रत्नागिरी जिल्हा